शोदानची परीक्षा: तोल गेल्यानंतरचे तीन सेकंद

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. आपले वय ३८, राहणे कोथरूडला. मुलीला कराटेच्या क्लासला सोडता सोडता आपणही सुरुवात केलीत आणि सहा वर्षांत ब्राऊन बेल्टच्या पहिल्या क्यूपर्यंत, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या लगेच खालच्या पायरीपर्यंत आलात. गेल्या महिन्यात आपण आणि तेरा वर्षांची मुलगी एकाच दिवशी शोदानला, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसलात. मुलगी उत्तीर्ण झाली. आपले किहोन (मूलभूत तंत्रे) आणि कुमिते (जोडीदाराशी लढत) उत्तीर्ण झाले, काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) मात्र राहिला. स्वतः निवडलेला बास्साई दाई हा काता बिनचूक झाला, परीक्षकांनी सांगितलेल्या हेइयान योंदान या कातामध्ये पहिल्या बाजूच्या किकनंतर तोल गेला, आपण थांबलात, ‘सॉरी सर’ म्हणालात आणि पहिल्यापासून सुरू केलेत. मुलीचाही हेइयानमध्ये एक हात चुकला होता, तरी ती पास कशी, वयाचा परिणाम झाला का, पुन्हा बसण्यात अर्थ आहे का, आणि मुलीची मैत्रीण दुसऱ्या क्लासमध्ये दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट झाली त्याचे काय, असे आपण विचारले आहे.

मी त्या सभागृहात नव्हतो, त्यामुळे आपल्या परीक्षकांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळ शोतोकान ही कराटेची शैली शिकवताना आणि त्यातली बरीच वर्षे परीक्षकांच्या टेबलामागे बसताना जे पाहिले, त्यावरून एवढे निश्चित सांगतो की तोल जाण्यामुळे कोणी सहसा नापास होत नाही. आपला काता त्यानंतरच्या तीन सेकंदांत गेला. त्या तीन सेकंदांविषयी सविस्तर लिहितो, कारण परीक्षेला बसणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की परीक्षक ठोसा पोहोचला ते स्थान आणि किक गेली ती उंची बघत असतात. प्रत्यक्षात आमची नजर दोन हालचालींच्या मधल्या जागेवर असते.

किहोनचेच उदाहरण घेऊ. सानबोन झुकीपासून सुरुवात होते, मग मागे जात आगे उके आणि ग्याकू झुकी, सोतो उकेवरून किबा दाचीत जाऊन कोपर, कोकुत्सू दाचीतला शुतो उके, माए गेरी, मावाशी गेरी, योको गेरीचे दोन्ही प्रकार. (झुकी म्हणजे ठोसा, उके म्हणजे अडवणे, गेरी म्हणजे किक, दाची म्हणजे पवित्रा.) हा क्रम सहा वर्षे रोज करणाऱ्याला तो झोपेतही येतो आणि त्यामुळे क्रम येतो की नाही हे कोणी तपासतच नाही. आपल्याकडे परीक्षा बहुधा शाळेच्या सभागृहात किंवा मुहूर्त नसलेल्या दिवशी स्वस्तात मिळालेल्या मंगल कार्यालयात होते. शाळेच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीपर्यंत गडद ऑइलपेंट असतो आणि वर पांढरा चुना. मी टेबलामागे बसलो की पहिल्यांदा त्या दोन रंगांची सीमारेषा पाहून घेतो, आणि विद्यार्थी पुढे सरकू लागला की त्याचा खांदा त्या रेषेच्या वर-खाली होतो का एवढेच बघत राहतो. पाऊल टाकताना शरीर वर उचलले गेले तर याचा अर्थ पुढचा पाय ओढत नाही, मागचा पाय ढकलत नाही, आणि ठोसा कितीही कडक दिसला तरी तो फक्त खांद्यातून आलेला आहे. सभागृहात बसलेल्या पालकांना गीच्या, म्हणजे कराटेच्या पोशाखाच्या, जाड कापडाचा ‘फट्’ असा आवाज फार आवडतो. महाग गी घेतला की तो आवाज आपोआप येतो, त्याला गुण नसतात.

आता काता. आमच्या परंपरेत शोदानला दोन काता करावे लागतात. एक आपल्या पसंतीचा, ज्याला तोकुई काता म्हणतात; तो बास्साई दाई, कांकू दाई, जिओन, एनपी, हांगेत्सू यांपैकी असतो. दुसरा परीक्षक आयत्या वेळी सांगतात, तो शितेई काता. तो पाच हेइयान आणि तेक्की शोदान या सहांतून येतो. (ही नावे म्हणजे पहिला, दुसरा असे क्रमांकच. चौथ्या हेइयानच्या योंदान या नावाला कोणी काही बोलत नाही, पण दुसऱ्याचे नाव निदान आणि पाचव्याचे गोदान असल्यामुळे आमच्याकडे दर जूनला नवी बॅच एकदा तरी पोटभर हसते.) विद्यार्थी सहा महिने तोकुई काता घोटतात आणि हेइयान ‘येतोच’ म्हणून सोडून देतात. ओकिनावाचे कराटे-शिक्षक इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांमधील मुलांसाठी ही पाच काता रचली, तेव्हा त्यांचे नाव पिनान होते. शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन यांनी जपानात ती हेइयान या नावाने शिकवली. शाळकरी मुलांसाठी रचलेली म्हणून ती सोपी, ही समजूत तिथूनच आली असावी. परीक्षक मात्र नेमक्या त्याच कारणासाठी ती मागतात. बास्साई दाईच्या ४२ हालचालींत विद्यार्थी आपली दुबळी बाजू झाकू शकतो, कारण तो काता त्याने स्वतःच्या शरीराला मानवतो म्हणून निवडलेला असतो. हेइयान योंदानच्या २७ हालचालींत लपायला जागा नाही.

योंदानमध्ये आपण ज्या ठिकाणी अडलात ती जागा तर ठरलेली आहे. डावा गुडघा वर येतो, पाऊल आधाराच्या पायाच्या गुडघ्याशी येते, योको गेरी केआगे (बाजूची किक) आणि त्याच वेळी उराकेन (मुठीच्या मागच्या बाजूचा मार) जातो, आणि त्यानंतर पाय खाली ठेवून झेनकुत्सू दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या पवित्र्यात) उजव्या कोपराचा मार येतो. जवळजवळ प्रत्येकाला वाटते की तोल किक मारताना जातो. मोबाइलवर चित्रण करून सावकाश पाहा: किक गेली तेथवर सर्व ठीक असते. पाय त्याच वाटेने परत गुडघ्याशी यायच्या ऐवजी किकच्या टोकावरूनच थेट खाली पडतो, वजन त्याच्यामागे कोसळते आणि कोपर त्या पडणाऱ्या शरीराला गाठायला धावतो. शहाबादी फरशीवर, घामाने ओल्या तळव्यांनी, ही चूक लपत नाही. क्लासमध्ये जाड मॅटवर सराव असेल तर मात्र ती वर्षानुवर्षे झाकली जाते. म्हणून आम्ही किक किती उंच गेली यापेक्षा परत कशी आली हे पाहतो. कंबरेच्या उंचीवरची आणि शिस्तीने परत आलेली किक आणि कानाच्या उंचीवर जाऊन तिथूनच गळून पडलेली किक यांत मी पहिलीला निःशंक अधिक गुण देतो, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक परीक्षक तसेच करतात.

तोल गेल्यावर काय करायचे असते? काहीच नाही, पुढे जायचे असते. शरीर जिथे पडले तिथून पुढची हालचाल त्याच जोराने करायची, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही, आणि दिशा चुकली असेल तर पुढच्या वळणावर ती गुपचूप सुधारून घ्यायची. आपल्या मुलीने बहुधा तेच केले. तिचा हात चुकला, पण काता मोडला नाही. आपला हात चुकला नव्हता, तरीही आपण स्वतःच काता थांबवलात, परीक्षकांकडे बघितलेत आणि माफी मागितलीत. कातामध्ये समोर प्रतिस्पर्धी आहे असे मानायचे असते. पाय घसरला म्हणून त्याला ‘सॉरी’ म्हणून पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. किरकोळ चुकीचे गुण कापून परीक्षक पुढे जातो, पण थांबलेल्या काताला गुण द्यायचे कशाचे, हा त्याच्यापुढचा खरा पेच असतो. मुलांना हे पटकन जमते आणि मोठ्यांना जमत नाही, याचे कारण मला इतक्या वर्षांत एकच दिसले आहे: मुलांना आपण चुकलो हे कित्येकदा कळतही नाही, आणि ऑफिसात रोज चार लोकांना उत्तरे देणाऱ्या माणसाला चूक कबूल केल्याखेरीज पुढे जाणे असभ्यपणाचे वाटते.

कुमितेत आपण उत्तीर्ण झाला आहात, तेव्हा त्याबद्दल फार लिहीत नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो, कारण ती माझ्याच अंगावर बेतलेली आहे. १९८९ साली मी शोदानला पहिल्यांदा बसलो तेव्हा जियू इप्पोन कुमितेत, म्हणजे आधी पुकारून केलेल्या एका हल्ल्याच्या लढतीत, नापास झालो. जोडीदाराने ‘चुदान’ (मधल्या उंचीवर) असे पुकारून ठोसा मारला, मी चांगला अडवला, ग्याकू झुकी त्याच्या छातीपाशी अचूक थांबवली आणि खुशीत येऊन परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिले. परीक्षा संपल्यावर ज्येष्ठ परीक्षकांनी मला बोलावले. त्यांना मराठी येत नव्हते, मला जपानी येत नव्हते. त्यांनी हात कामाएत, म्हणजे लढतीच्या सज्ज स्थितीत, उचलला, मग मान माझ्यासारखी बाजूला वळवून दात दाखवत हसले, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारली. मी मान वळवली तेव्हा जोडीदार तिथेच होता, त्याचे दोन्ही हात मोकळे होते. आपला वार झाल्यावरही प्रतिस्पर्ध्यावर लक्ष ठेवून राहणे, याला झानशिन म्हणतात; तेच माझ्याकडे नव्हते. त्या दिवशी सायकलवरून टिळक रस्त्याने घरी जाताना मला फार राग आला होता, आणि तो उतरायला दोन-तीन आठवडे लागले. माझे टेबलाकडे बघणे आणि आपले ‘सॉरी’ म्हणणे या एकाच जातीच्या चुका आहेत: दोघांनीही समोरचा प्रतिस्पर्धी सोडून परीक्षकाशी नाते जोडले.

वयाचा मुद्दा थोडक्यात संपवतो. वयामुळे आपण नापास झाला नाहीत. समंजस परीक्षक ३८ वर्षांच्या शरीराकडून तेरा वर्षांच्या शरीराच्या हालचाली मागत नाही. उलट मोठ्या विद्यार्थ्याकडून कंबरेचा उपयोग, श्वास आणि हालचालींमधला थांबा यांची अपेक्षा अधिक असते. गुडघ्यांची काळजी मात्र घ्यायलाच हवी. वळताना टाच जमिनीला चिकटून राहिली आणि मांडी फिरली तर तो पीळ गुडघा सोसतो, आणि चाळिशीच्या आसपास तो परत सरळ होईलच असे नाही. वळण कंबरेतून सुरू होऊन पावलापर्यंत पोहोचले पाहिजे.

आता त्या दोन वर्षांतल्या ब्लॅक बेल्टविषयी. वर्षे मोजून योग्यता ठरवणे मला फारसे पटत नाही, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, ही पद्धत मूळची कराटेची नाही. गो या पटावरच्या खेळात ती आधीपासून होती. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी ती उचलली आणि १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना, साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो यांना, पहिले शोदान दिले. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. (पांढरा पट्टा न धुता घामाने काळा होत जातो ही गोष्ट दंतकथा आहे; कृपया पट्टा आणि गी दोन्ही धुवावेत, विशेषतः जुलैत, जेव्हा पुण्यात काहीच वाळत नाही.) फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला आले आणि एप्रिल १९२४ मध्ये त्यांनी कराटेतले पहिले शोदान दिले. म्हणजे टोकियोत येऊन दोनच वर्षे झाली होती. पण ज्यांना ते मिळाले त्यांत गिमा शिनकिन होते, जे मूळचे ओकिनावाचे आणि तिथेच कराटे शिकलेले. ओत्सुका हिरोनोरी होते, जे जुजुत्सूत आधीच पारंगत होते आणि पुढे ज्यांनी वादो-र्यू ही शैली स्थापन केली. दोन वर्षांच्या मागे केवढी तयारी होती हे पाहिल्याशिवाय त्या दोन वर्षांचा दाखला देता येत नाही. मुलीच्या मैत्रिणीच्या मागे तशी तयारी आहे का, हे तिला हेइयान शोदान करताना एकदा पाहिलेत की आपणच सांगू शकाल.

क्लास कसा आहे हे ओळखण्याची माझी खूण निराळी आहे. तिथे गेल्या काही परीक्षांत कोणी नापास झाले का, हे विचारा. ‘आमच्याकडे सगळे पास होतात’ असे अभिमानाने सांगितले गेले तर नमस्कार करून निघावे. त्यानंतर फीची रचना विचारा. आमच्याकडे परीक्षेची फी आणि दान-प्रमाणपत्राच्या नोंदणीची फी वेगवेगळी असते, आणि दुसरी रक्कम उत्तीर्ण झाल्यावरच घेतली जाते. जिथे बेल्ट, प्रमाणपत्र, फोटो आणि सत्कार यांचे सगळे पैसे आगाऊ एकत्र घेतले जातात, तिथे नापास करणे म्हणजे पैसे परत करणे, आणि मग कोणी नापास कसा होईल? परीक्षक बाहेरचा असणे हेही महत्त्वाचे. स्वतःच्या विद्यार्थ्याला नापास करणे मला आजही जड जाते, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांची परीक्षा असते त्या दिवशी मी मागे उभा राहून पाणी वाटण्याचे काम करतो.

‘शोदान म्हणजे फक्त सुरुवात’ हे वाक्य सगळ्यांना पास करणाऱ्या क्लासमध्ये फार ऐकू येते. शब्दार्थाने ते बरोबर आहे. पण परीक्षा ढिली घेण्याची सबब म्हणून ते वापरले जाते तेव्हा मला त्याचा वैताग येतो, कारण सुरुवात कोठून करायची ती रेषाच पुसली तर पुढचे काही मोजता येत नाही. अनेक संघटनांत शोदाननंतर निदानला (दुसऱ्या दानला) किमान दोन वर्षे आणि निदाननंतर सानदानला (तिसऱ्या दानला) तीन वर्षे जावी लागतात. ज्याचे किहोन शोदानलाच कच्चे राहिले तो निदानच्या मुक्त कुमितेत मार खातो आणि बहुधा तिथेच कराटे सोडतो. आणखी एक, पालक नेहमी विचारतात म्हणून: ब्लॅक बेल्ट ही शासकीय पदवी नाही, ती त्या त्या संघटनेची मान्यता आहे. शासकीय नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते, पट्ट्याच्या रंगावर मिळत नाही.

पुन्हा जरूर बसा. सहा महिन्यांत नवीन काहीही शिकू नका, बास्साई दाई आठवड्यातून दोनदा पुरे. एका स्टीलच्या डब्यात पाच हेइयान आणि तेक्की शोदान यांच्या सहा चिठ्ठ्या टाका. आधी दहा मिनिटे किहोन करून दम लागू द्या, मग चिठ्ठी काढा आणि जो काता येईल तो एकदाच करा. दुसरी संधी स्वतःला देऊ नका. चुकलात तर पुढे जा, संपवा, आणि मगच बसून विचार करा. वेताळ टेकडी रोज चढत असाल तर उत्तम, पण टेकडी चढल्याने येणारा दम आणि काताच्या मधोमध धरलेला श्वास यांचा फारसा संबंध नाही, तेव्हा एकाच्या भरवशावर दुसरे सोडू नये.

जागा मात्र बदलत राहा. इमारतीच्या गच्चीवर सराव करणाऱ्यांना नकळत दिशांची सवय होते: पाण्याच्या टाकीकडे तोंड केले की डावीकडे वळायचे, कपड्यांच्या दोरीकडे शेवटचा शुतो उके. क्लासमध्ये तेच काम आरसा करतो. परीक्षेच्या सभागृहात टाकी नसते, दोरी नसते, आणि चौथ्या-पाचव्या हालचालीला माणूस एकाएकी हरवतो. आपल्या बाबतीत तेही थोडे झाले असावे अशी मला शंका आहे. म्हणून रोज वेगळ्या भिंतीकडे तोंड करून सुरुवात करा, कधी अंधारात करा, कधी कोणी बघत असताना करा. योको गेरीसाठी स्वयंपाकघराच्या ओट्याला एका हाताने धरून पाय वर, पाय परत गुडघ्याशी, तिथे मनात तीनपर्यंत आकडे, आणि मगच खाली, असे प्रत्येक बाजूने दहा वेळा रोज. ओट्याचा हात दोन महिन्यांनी सुटेल.

आपला शेवटचा प्रश्न संकोचाने विचारलेला दिसतो: आता क्लासच्या रांगेत मुलगी पुढे आणि आई मागे, हे कसे निभवायचे. रांग पट्ट्याने लागते, वयाने किंवा नात्याने लागत नाही. सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून, बसताना ती वरिष्ठांच्या बाजूला बसेल, सर सांगतील तेव्हा तिने मोजलेल्या आकड्यांवर आपण ठोसे माराल, आणि वर्गात ती आपली चूक दाखवील तेव्हा ‘ओस’ (होय, समजले) म्हणायचे. वर्गाबाहेर चपला घातल्या की ती परत आपली मुलगी. डब्यातल्या चिठ्ठ्याही तिलाच काढू द्या. माझा अंदाज असा की पहिला महिनाभर ती हात घालण्याआधी डब्यात डोकावून हेइयान योंदानच शोधत बसेल.